चार डिस्कांचा डबा

मी तालुक्याच्या एका कचेरीत बत्तीस वर्षं नोकरी केली आणि एवढ्या काळात माझ्या टेबलावरून एकही कागद हरवला नाही. लोक हरवला म्हणायचे, पण तो कुठल्यातरी फायलीत असायचाच. फक्त सापडायचा नाही. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यावरून वैजीनाथ भाऊसाहेब हा निष्काळजी माणूस होता असा गैरसमज होऊ शकतो. आमच्या गल्लीत तो झालेलाच आहे.

जपायचं काय होतं ते सांगतो. माझी बायको राजेश्री राणीसावरगावच्या बाजूला एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका होती. दिवाळी झाली की तिच्या वर्गातली निम्मी लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि चैत्रात परत यायची ती पाढे विसरून. म्हणून तिनं एक उद्योग सुरू केला. शाळेतून घरी आली की चार वाजता स्वयंपाकघरात बसून दहा मिनिटांचा धडा मोबाईलवर बोलायचा आणि आईबापाच्या मोबाईलवर पाठवून द्यायचा. सहा हंगामांत दोनशे बारा धडे झाले.

अडचण अशी की मी तेव्हा रिटायर होऊन घरातच असायचो, आणि मी घरात असलो की आवाज होतो. माझा खोकला, माझी चप्पल, माझ्या शंका आणि त्यांवरची तिची उत्तरं, हे सगळं धड्यात जायचं. उसाच्या फडावर बसलेल्या लेकरांना अपूर्णांक शिकता शिकता मधेच "अहो, चष्मा कपाळावर आहे, फ्रिजमधे काय बघताय" असं ऐकू जाणं मला पटेना. रिटायर झाला तरी वरिष्ठ लिपिकाची काही इभ्रत असते. तेव्हा मी बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुकानात जाऊन, तिथल्या नागेशकडून ध्वनी कापायची विद्या शिकलो. स्वतःला प्रत्येक धड्यातून सफाईनं कापून काढायचो आणि मग ती स्वच्छ प्रत रवाना व्हायची. मूळ प्रत मात्र मी कधीच नष्ट केली नाही. मूळ प्रत नष्ट करणं माझ्या हातून या जन्मात होणार नाही.

मागच्या वर्षी फाल्गुनात राजेश्री गेली. तीन दिवसांचा ताप, नांदेडचा दवाखाना, आणि संपलं. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

त्यानंतर मी रोज चार वाजता चहा टाकायचो आणि एक मूळ प्रत लावायचो. स्वच्छ प्रतीत ती लेकरांची बाई होती. मूळ प्रतीत ती मधेच थांबून माझ्यावर खेकसायची, माझी चेष्टा करायची, एकदा तर माझ्या शिंकेपायी आख्खा धडा पुन्हा बोलायला लागला म्हणून हात जोडते असं म्हणाली होती. एका माणसाला चहाबरोबर एवढं पुरतं. मला फक्त त्या दोनशे बारा मूळ प्रती शेवटपर्यंत पाहिजे होत्या, दुसरं काहीही नको होतं.

पण लॅपटॉप कण्हायला लागला होता आणि राजेश्रीचा मोबाईल भरून वाहत होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीला, भक्तीला, हे सांगितलं, तर तिनं एक काळा डबा पाठवून दिला. पोळ्यांच्या डब्याएवढा; आत चार डिस्का. नागेश घरी येऊन तो बसवून गेला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "भाऊसाहेब, यातली कोणती बी एक डिस्क मेली तर बाकीच्या तिघी मिळून तिच्यातलं सगळं नव्या डिस्कला सांगत्यात. काई जात न्हाई." चार भावंडांत एवढा समजूतदारपणा मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही, सातबाराच्या उताऱ्यावर तर नाहीच. मी भारावून गेलो.

"तरी बी एक कॉपी बाहेर येगळी ठिवा," नागेश म्हणाला.

चार डिस्का असताना पाचवी कशाला, असं मी मनात म्हटलं. सगळं डब्यात टाकलं, मोबाईल पुसला, लॅपटॉप पुसला. रिकामं टेबल पाहिलं की मला अजूनही बरं वाटतं.

मग नागेशनं डब्याची एक खोड सांगितली. त्याला काही ठेवायला दिलं की तो लगेच "ठेवलं" म्हणतो, पण खरं तर ते अजून त्याच्या हातातच असतं आणि सवडीनं तो ते डिस्कांवर उतरवतो. तेवढ्यात लाईट गेली तर हातातलं सांडतं, आणि चौघींचा आपसांत मेळ राहत नाही. काम झालं म्हणून सांगायचं आणि नंतर सवडीनं करायचं, ही पद्धत मला नवी नव्हती. आमच्या कचेरीत ती माझ्या आधीपासून होती. फक्त लाईट गेल्यावर आमचं काही सांडायचं नाही, कारण आम्ही हातात काही घेतलेलंच नसायचं.

आणि आमच्या गंगाखेडात लाईट जाते. वारं सुटलं की जाते, वारं पडलं की जाते, आभाळ आलं की आदबीनं आधीच जाते. म्हणून नागेशनं यूपीएस बसवला. म्हणजे बॅटरीची एक पेटी; लाईट गेली की टीं टीं ओरडत ती डब्याला अर्धा तास जगवते. पेटीतून डब्यात एक पातळ वायरही गेली होती. लाईट जाऊन पाच मिनिटं झाली की पेटी त्या वायरीतून डब्याला सांगणार, आता आवर आणि झोप. मग डबा हातातलं सगळं खाली ठेवून आपणहून बंद होणार, असा तो बंदोबस्त होता.

शेजारचे दिनकरराव हा बंदोबस्त पाहायला आले. दिनकरराव कारखान्यात तीस वर्षं मोटारी सांभाळून रिटायर झालेले. गल्लीत कुणाच्या घरी बल्ब जरी उडाला तरी त्यांना विचारल्याशिवाय नवा लागत नाही.

"ही बारीक वायर कशापायी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"भाऊसाहेब, बॅटरी कवा बोलती का? असल्या वायरीतून उलटा करंट येतो. समदा डबा जाळून टाकील. काढा ती आधी."

मी काढली. शेजाऱ्याचा सल्ला मानला नाही तर त्याचं तोंड चुकवत राहावं लागतं आणि आमची गल्ली अरुंद आहे. वायर पाकिटात घातली, पाकिटावर "शिल्लक वायर, एक नग" असं लिहून तारीख टाकली आणि कपाटात ठेवून दिली.

एवढ्यावर दिनकररावांचं समाधान होईना. घराला अर्थिंगच धड नाही असा त्यांनी शोध लावला. मग भर वैशाखात अंगणात चार हात खड्डा, त्यात पाईप, मीठ, कोळसा, आणि वरून रोज एक बादली पाणी ओतायचं असा हुकूम. नळाला तेव्हा नऊ दिवसांनी पाणी यायचं. सगळी गल्ली भांडी सांभाळून धुवत असताना रिटायर झालेला एक माणूस रोज सकाळी मोकळ्या मातीत बादली ओततो, हे लोकांच्या डोळ्यांत आलं. पहिल्या आठवड्यात कुजबुज झाली. दुसऱ्या आठवड्यात दिनकररावांच्या पत्नी कमलबाई हळूच येऊन त्या खड्ड्यावर हळदकुंकू वाहून गेल्या. राजेश्रीच्या नावानं मी पाणी घालतो अशी त्यांची समजूत झाली होती. नवऱ्यानं घरी काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"भावजी, कोनी काई बी म्हनू द्या," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बाईमाणसाच्या मागं एवढं करनारा मी तरी बगितला न्हाई."

तो अर्थिंगचा खड्डा आहे असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. आणि खरं सांगायचं तर पाणी तिच्याच नावानं जात होतं.

लाईट नेमकी कधी जाते याचं वेळापत्रक मिळावं म्हणून मी वीज ऑफिसात रीतसर अर्ज दिला. आता मला अर्ज कसा द्यायचा हे कुणी शिकवू नये. तरी तिथल्या बाबूनं तो दोनदा परत केला. एकदा समास कमी म्हणून, एकदा विषय मोघम म्हणून. तिसऱ्यांदा गेलो तर आवक नंबर देणारे जेवायला गेले होते. ते चार वाजेपर्यंत जेवत होते. बाकावर बसून मला बत्तीस वर्षांत माझ्यासमोर बाकावर बसलेले लोक एकेक करून आठवायला लागले, आणि त्यांतल्या काहींची नावंसुद्धा आठवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: आपल्या भागात वीज जात नाही, जाते ती बिघाडामुळे जाते, सबब वेळापत्रकाचा प्रश्न उद्भवत नाही. मसुदा इतका नेटका होता की मला राग येईना.

असं करत वर्ष निघालं. डबा चालला, पेटी ओरडत राहिली, मी रोज चार वाजता चहा घेत राहिलो. आणि वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी डब्यावरचा एक हिरवा दिवा लाल झाला. एक डिस्क गेली होती. नागेशनं येऊन नवी घातली. "आता तिघी हिला समदं सांगायल्यात," तो म्हणाला. "उद्या दुपारपस्तोर चालंल. तवर मातर डबा बंद पडू देऊ नका, भाऊसाहेब. बाकी कवा बी चालंल, आत्ता न्हाई." मी मान डोलावली. भक्ती पुण्याहून आलेली होती, तिनंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध नीट पार पडलं. गुरुजींनी पान वाढून गच्चीवर ठेवायला सांगितलं. पुरणपोळी, खीर, वडे, आणि राजेश्रीला आवडायची म्हणून कमलबाईंनी केलेली शेंगदाण्याची चटणी. कावळा आला, समोरच्या टाकीवर बसला आणि पानाकडं पाहीनासा झाला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. खाली कधीतरी लाईट गेली होती. जिन्यातून पेटीचं टीं टीं वर येत होतं.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. भक्ती हात जोडून पुढं झाली, "आई, मी वेळेवर जेवत जाईन." कावळा हलला नाही. कमलबाई म्हणाल्या, "राजेश्री, तुजी चाळणी माज्याकडंच ऱ्हायली बाई, आजच आणून देते." कावळ्यानं चोच टाकीला घासली, एवढंच. मग सगळे माझ्याकडं पाहायला लागले. लोकांसमोर बायकोशी बोलायची मला सवय नव्हती. कसाबसा म्हणालो, "तुझे धडे मी जपून ठेवीन. एकही जाऊ देणार नाही."

कावळ्यानं माझ्याकडं पाठ केली.

"भाऊसाहेब," दिनकरराव हळू आवाजात म्हणाले, "त्या टीं टीं ला बुजायलाय त्यो. कसा येईल?"

हे सगळ्यांनाच पटलं. गुरुजींनासुद्धा. मलाही पटलं, आणि एकदा पटल्यावर तो आवाज असह्य झाला. वर्षभर वाट पाहून ती दारात आली आहे आणि माझ्या घरातली एक पेटी तिला हाकलते आहे, असं मला वाटायला लागलं.

"बाबा, नको," भक्ती म्हणाली. "डिस्कचं चाललंय. नागेशकाका काय म्हणाले?"

"दोन मिनिटांनी काय होतंय?" मी म्हणालो. "दिनकरराव, बंद करा."

हे शब्द माझेच आहेत. गल्लीत आजही लोक दिनकररावांना बोल लावतात, म्हणून मी हे लेखी देतो.

ते खाली गेले. टीं टीं थांबलं. गच्चीवर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत कावळा उडाला, पानाच्या कडेला उतरला, आणि पहिली चोच चटणीत घातली. कमलबाई रडायला लागल्या. भक्तीनं माझा हात धरला. माझा शब्द राजेश्रीपर्यंत पोचला, तिनं तो मान्य केला, असं वाटून मी एवढ्या लोकांत मोठ्यानं रडलो. वर्षभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

खाली आलो. लाईट आली होती. पेटी चालू केली, डबा चालू केला. चारही दिवे लाल लागले.

नागेशनं दोन दिवस खटपट केली. तिघी चौथीला सांगत असतानाच तोडलं होतं. चौथीचं अर्धवट राहिलं, तिघींचं एकमेकींशी जुळेना. ती पातळ वायर असती तर लाईट गेल्यावर पाच मिनिटांनी डबा आपणहून नीट झोपला असता. "वायर कुठंय?" त्यानं विचारलं. मी कपाटातून पाकीट काढून दिलं. एका मिनिटात सापडलं. नागेशनं पाकिटावरची तारीख वाचली आणि पाकीट परत माझ्या हातात दिलं.

सल्ले थांबले नाहीत. मोबाईल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात, म्हणून कमलबाईंनी चारही डिस्का तांदळाच्या डब्यात पुरल्या आणि दोन दिवस उघडू दिल्या नाहीत. मग भक्ती त्या पुण्याला घेऊन गेली, तिथं असलं काम करणारे लोक असतात. तीन आठवड्यांनी त्यांचा अहवाल आला. दोनशे बारा धड्यांची नावं मिळाली, अनुक्रमांकासह. आत काही नाही. यादी इतकी व्यवस्थित होती की मी ती फायलीला लावली. दिनकरराव तेव्हापासून समोरून येईनात. त्यांचं तोंड मी चुकवत नव्हतो, तेच माझं चुकवत होते. चार वाजले की मी चहा टाकायचो आणि गार झाल्यावर ओतून द्यायचो.

चैत्रात ऊसतोडीची माणसं परतली. एक दिवस दुपारी दारात बायनाबाई उभ्या. राणीसावरगावच्या, त्यांची राणी राजेश्रीच्या वर्गात होती, आता सातवीला गेली. दोघं नवराबायको दरवर्षी कोयता घेऊन जातात. हातात रबर गुंडाळलेला, काच तडकलेला मोबाईल.

"भाऊसाहेब, बाईचे धडे गेले म्हनत्यात, खरं हाय का?"

मी मान हलवली.

"मंग माज्यापाशी हायेत की. सहा वर्साचे. कारडात हायेत समदे. एक बी पुसला न्हाई. राणीचा बाप लय भांडायचा, जागा न्हाई, पिच्चर टाकू म्हनायचा. मी म्हनलं, बाईला पुसून पिच्चर बगताव व्हय?"

"हा चार्ज कुठं करायचात तुम्ही?" मी विचारलं.

"टॅक्टरच्या बॅटरीवर. ती बी मोकळी असली तर. आठ आठ दिस बंद पडायचा. पावसात भिजला, एकदा उसाच्या पाचटात हरपला. काई झालं न्हाई त्याला."

मी त्यांना बसायला लावलं, पाणी दिलं. बायनाबाईंनी बोटानं शोधून एक धडा लावला. भागाकाराचा. राजेश्री बोलायला लागली: बसलात का रे सगळे, पाटी घ्या. दीड महिन्यानं तो आवाज घरात आला.

सगळे स्वच्छ होते. दोनशे बारापैकी प्रत्येक धड्यातून मीच मला काढून टाकलं होतं, आणि काम इतकं सफाईचं होतं की कुठं कापलं ते माझं मला कळेना. बायनाबाईंनी सहा वर्षं काडी काडी करून जे जपलं होतं, त्यात सगळं होतं आणि मला हवं होतं तेवढंच नव्हतं. त्यांना ते सांगणं शक्य नव्हतं. एवढ्या उन्हात त्या एस.टी.नं आल्या होत्या. फार मोठे उपकार झाले, असं मी म्हणालो, आणि ते खरंही होतं.

"एक इचारू का?" बायनाबाई म्हणाल्या. "हितं बगा." त्यांनी धडा थोडा मागं नेला. राजेश्री सांगत होती की सतरा बोरं तिघांत वाटली. मग लगेच, "तर उरली किती?" पण हे शेवटचं वाक्य ती हसू दाबत बोलली होती. शब्द धड्याचे, आवाज वेगळाच. मी पुन्हा लावायला सांगितलं. आधी काहीतरी होतं, ते मी कापलं होतं. काय होतं ते मला आठवेना. मी काय विचारलं असेन, ती काय बोलली असेल. पण त्यानंतरचं हसू तिच्या पुढच्या वाक्यात उरलं होतं. ते वाक्य धड्याचं होतं, म्हणून मला ते कापता आलं नव्हतं.

"लय ठिकानी हाय असं," बायनाबाई म्हणाल्या. "फडावर लेकरं हटकून इचारायची. बोरं वाटायल्यात, हासन्यासारकं त्याच्यात काय हाय? मी म्हनायचे, तुमालाच हासत्यात. पर मला बी कवा उमगलं न्हाई. कुनाला हासायच्या वो बाई?"

"मला," मी म्हणालो. "मला हसायची."